आधी खाली उतरावे

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हातून काही नवे घडेल, ही अपेक्षा घरच्यांनी बहुधा सोडून दिलेली असते. आणि खरे सांगावयाचे तर त्या माणसाने स्वतःही. शाळेची घंटा, हजेरीपत्रके, मंडळाच्या परीक्षांचे अर्ज आणि वर्षातून एकदा अवचित उगवणारे तपासणी पथक, एवढ्या चौकटीत माझी एकतीस वर्षे गेली. म्हणून गेल्या मे महिन्यात, आमच्या विवाहाला ३० वर्षे झाल्याचे निमित्त साधून, पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने मॉरिशसची दोन तिकिटे हातांत ठेवली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "तिकडे जाऊन करायचे काय?"

"करायचे काय म्हणजे? फिरायचे. आणि बाबा, तिथे गाडी भाड्याने मिळते. गाडी तुम्हीच चालवायची."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग मी येतच नाही." अर्थात ती आलीच.

सरकारी नोकराला परदेशी जावयाचे तर खात्याची अनुमती लागते. अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता. जिल्हा कार्यालयातील लिपिक माझा जुना विद्यार्थी. तो आदबीने म्हणाला, "सर, 'पर्यटन' लिखिए. 'घूमना' अच्छा नहीं लगता." मराठीचा एम. ए. असलेल्या मला शब्दांच्या प्रतिष्ठेचा हा धडा माझ्याच विद्यार्थ्याकडून इंदूरच्या एका कचेरीत मिळावा, यात मला मौज वाटली. त्यानंतर परिवहन कार्यालयात जाऊन आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढला. तो एक वर्ष चालतो. सोबत आपला मूळ परवाना ठेवावा लागतो. गाडी भाड्याने देणाऱ्यांना अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर हवी असते, म्हणून आयुष्यात प्रथमच असले कार्डही घेतले. ही सारी कागदपत्रे मी एका जुन्या रेक्झिनच्या पिशवीत भरली. ती पिशवी अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याविषयी दोन शब्द येथेच सांगावयास हवेत, नाहीतर पुढचे कथन पांगळे राहील. अण्णा राज्य परिवहनाच्या बसचे चालक होते. मध्य प्रदेशातले ते महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला; त्याआधीच ते निवृत्त झाले होते. माळव्याच्या आणि निमाडच्या रस्त्यांवर त्यांनी ३३ वर्षे बस चालविली. परंतु मला मात्र चाकाला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात खडू शोभतो," एवढेच म्हणत. पुढे माझी बदली घरापासून ३२ किलोमीटरवरच्या शाळेत झाली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जुनी गाडी घेतली, तेव्हा मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा काठी टेकीत येऊन माझ्या शेजारच्या आसनावर बसले. शिकविताना ते फार बोलत नसत. ब्रेक उशिरा लागला की नुसते पुढे पाहत आणि हुंकार देत. नियम म्हणून त्यांनी मला एकच सांगितला : "गाडीला कुठे काही लागले असे वाटले, तर आधी खाली उतरायचे. विचार मागून करायचा. विचार आधी केला की माणूस उतरत नाही."

मी तेव्हा "हो" म्हटले. मोठ्या माणसांच्या अशा वचनांना आपण मान डोलावतो आणि ती डोक्याच्या माळ्यावर टाकून देतो, तसेच मी केले. २०१९ च्या थंडीत अण्णा गेले.

मुंबईहून निघालेले विमान सुमारे सहा-साडेसहा तासांत मॉरिशसच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्सच्या विमानतळावर उतरते. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा दीड तास मागे. बेट लहान, मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढेही नाही. फ्रेंचांचे हे बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले. दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजांनी राज्य केले, परंतु लोकांच्या जिभेवरून फ्रेंच आणि तिच्यातून उपजलेली क्रिओल काही हलली नाही. इंग्रज आपल्यामागे ठेवून गेले ते कायदेकानूंचे काही भाग, कचेरीची भाषा, आणि डाव्या बाजूने वाहन हाकण्याची रीत! ही रीत आमच्या पथ्यावर पडली. भारतातल्याप्रमाणेच चाक उजवीकडे, रस्ता डावीकडे. निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेली निम्मी भीती गाडी देणाऱ्या तरुणाने घातली. त्याने गाडीभोवती मला एक प्रदक्षिणा घालायला लावली आणि आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून घेतला. "तुम्हीही छायाचित्रे काढून ठेवा," असे त्यानेच सुचविले. मग करारपत्रातल्या एका कलमावर बोट ठेवून म्हणाला, गाडीचा विमा आहे, परंतु काही नुकसान झाले तर पहिल्या अमुक रकमेपर्यंतचा भार तुमचा. तेवढी रक्कम आम्ही कार्डावर अडवून ठेवतो. शेवटी समोरचा खण उघडून त्याने एक छापील फॉर्म दाखविला. कोणाला इजा झाली नसेल आणि नुकसान किरकोळ असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून हा भरावयाचा, दोघांनी सह्या करावयाच्या. त्याला तिकडे 'उभयमान्य वस्तुस्थितीचे निवेदन' अशा अर्थाचे इंग्रजी नाव आहे. मी तो फॉर्म जुन्या सवयीने, पर्यवेक्षकाच्या नजरेने, वरून खाली वाचला आणि पुन्हा खणात ठेवला. आपल्याला याचे काय काम, असे त्या वेळी वाटले.

पहिले दोन दिवस मोठ्या आनंदात गेले. विमानतळापासून राजधानी पोर्ट लुईवरून उत्तरेकडे जाणारा एक द्रुतगती मार्ग आहे. त्यावर काही ठिकाणी ताशी ११० किलोमीटरची मुभा. परंतु त्या मार्गावरून खाली उतरले की रस्ते अरुंद होतात. दोन्ही बाजूंना उंच ऊस, कडेला साइडपट्टी जवळजवळ नाहीच, आणि मध्येच एखादी बस थांबलेली. चौकाचौकांत वर्तुळे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे. हा नियम आपल्याकडेही पुस्तकात आहे, तिथे तो रस्त्यावर आहे, एवढाच फरक. हॉर्न तर कोणी वाजवीतच नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने दोनदा वाजविला, तेव्हा पुढच्या गाडीतील बाईने काच खाली करून, मला काही वैद्यकीय मदत हवी आहे काय, अशा चिंतेने मागे पाहिले. त्यानंतर परत येईपर्यंत माझा अंगठा शहाण्यासारखा वागला.

दोन गोष्टींनी मात्र मला चकविले. पहिली म्हणजे 'रॉयल रोड'. एका गावात वाट विचारली, तर उत्तर आले, "रॉयल रोडने सरळ जा." पुढच्या गावातही तेच. तेव्हा उलगडा झाला, की त्या बेटावर जवळजवळ प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्याचे नाव रॉयल रोडच! आपल्याकडे प्रत्येक शहरात महात्मा गांधी मार्ग असतो, त्यातलाच प्रकार. दुसरी गोष्ट सूर्याची. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर. मे महिन्यात तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते आणि भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. भूगोलाच्या तासाला मी हे मुलांना शेकडो वेळा सांगितले असेल. परंतु सावली दक्षिणेकडे पडलेली प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा माझी दिशाच हरपली आणि अर्धा तास मी समुद्राच्या उलट दिशेने गाडी नेली. "मुलांना शिकवता ना हे?" सौ.ने एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी गंगा तलाव पाहिला. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले ते तळे. काठावर शंकराची ३३ मीटर उंचीची उभी मूर्ती. वडोद्याच्या वाचकांना सांगावयास हवे, की ती मूर्ती आपल्या सूरसागर तलावातील शंकराच्या मूर्तीवरून घडविलेली आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावडी घेऊन पायी येथे येतात. सूरसागर पाहिलेल्या सौ.ला ती मूर्ती पाहून, परगावी अचानक माहेरचे कोणी भेटावे तसा आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो. वाटेत ल मोर्नचा तो प्रचंड काळा कडा समुद्रात पाय रोवून उभा. पळून आलेले गुलाम या कड्यावरील कपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. ती वार्ता सांगावयास शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला धरावयास आले असे समजून त्या माणसांनी खाली उड्या घेतल्या, असे तिथले लोक परंपरेने सांगतात. २००८ मध्ये हा कडा जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. गुलामगिरी संपण्याच्या सुमारास, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेण्यास आरंभ झाला. बहुतेक बिहारकडचे, दक्षिणेकडून तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसे, त्यांत कोकणची पुष्कळ.

त्याच मराठी माणसांच्या वस्तीतील एक छोटे गणपतीचे देऊळ आम्ही परतीच्या वाटेवर पाहिले. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवसांत कोकणातल्या जाखडीचा वारसा सांगणारा 'झाकरी' नाच होतो, हे मी वाचले होते. मे महिन्यात अर्थातच त्यातले काही नव्हते. देवळात एक वृद्ध बाई समया पुशीत होत्या. मी हरखून मराठीत विचारले, "आजी, आपण मूळच्या कुठल्या?" त्यांनी हसून मान हलविली. मराठी त्यांना समजत नव्हते. शेजारच्या मुलीने क्रिओलमधून समजावून दिले, तेव्हा त्या उठल्या, हात जोडले आणि गणपतीची आरती त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही कडवे न गाळता म्हटली. उच्चारांवर समुद्राचा थोडा वारा लागलेला होता, पण एक अक्षर पडले नाही. कोणी शिकविली, असे विचारता त्या म्हणाल्या, आईने. आईला तिच्या आईने. अर्थ ठाऊक आहे काय? त्यांनी पुन्हा हसून मान हलविली.

सौ.चे डोळे भरून आले. माझ्यातील मराठीचा शिक्षक मात्र हळहळला. भाषा गेली आणि आरती राहिली, हे मिळविणे म्हणावे की गमावणे? आपणही महाराष्ट्राबाहेरचे लोक. नातवंडांशी बोलताना आपलेही वाक्य मराठीत सुरू होते आणि हिंदीत, गुजरातीत किंवा कानडीत संपते. या विचारात आम्ही तिथे नको इतका वेळ रेंगाळलो.

इथेच माझे गणित चुकले. इंदुरास मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो. तो हिशेब माझ्या अंगात मुरलेला. तिथे मे अखेरीस सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, आणि त्या अक्षांशावर संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. आम्ही निघालो तेव्हा अंधार पडू लागला होता. हमरस्त्यावर एके ठिकाणी दुरुस्तीचे काम चालू, म्हणून वाहने एका वस्तीतील गल्लीतून वळविलेली. गल्ली अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडे गटार. समोरून एक मालवाहू गाडी आली. तिला वाट देण्यासाठी मी डावीकडे दबलो, आणि भिंतीलगत उभ्या असलेल्या एका छोट्या निळ्या गाडीला आमच्या गाडीचा आरसा घासला. आवाज फार मोठा नव्हता. काडेपेटी चिरडावी एवढाच.

मालवाहू गाडी निघून गेली होती. गल्लीत कोणी नव्हते. कुठल्याशा घरात टीव्ही लागला होता. माझा पाय अजून वेगाच्या पट्टीवर होता आणि गाडी हळूहळू पुढे सरकत होती.

वाचकहो, त्या दहा-पंधरा सेकंदांचा हिशेब मी आज आपणांपुढे मांडणार आहे, कारण तो मांडल्याशिवाय या लेखाला काही अर्थ नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आवाज लहान होता, म्हणजे नुकसानही लहान असेल. दुसरा, परका देश. पोलीस आले तर? तिसरा, खात्याची अनुमती घेऊन आलेला शासकीय मुख्याध्यापक मी. काही प्रकरण झाले तर सेवापुस्तिकेवर उमटेल. चौथा, निवृत्तीला काही वर्षेच उरली आहेत. पाचवा, कार्डावर अडवून ठेवलेली रक्कम. हे पाचही विचार इतके मुद्देसूद होते, की एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. सत्यावर मी आजवर किती प्रार्थनासभांत बोललो असेन! त्यांतले एक वाक्यही त्या वेळी मदतीला धावून आले नाही.

सौ. काही बोलली नाही. तिने फक्त मांडीवरची अण्णांची पिशवी दोन्ही हातांनी धरली.

आणि मला १९८२ साल आठवले. मी तेव्हा सातवीत होतो. खांडव्याकडून येणाऱ्या रात्रीच्या बसवर अण्णा होते. एका गावाबाहेर, रस्त्याकडेला सोडून ठेवलेल्या बैलगाडीला बसचा मागचा भाग लागला आणि गाडीचे चाक मोडले. कोणी पाहिले नव्हते. कंडक्टर म्हणाला, "चला." उतारू म्हणाले, "चला, उशीर होतो." अण्णा उतरले. गावात जाऊन त्यांनी गाडीवानाला झोपेतून उठविले, त्याच्यासमोर आपले नाव आणि बसचा क्रमांक लिहून दिला, आणि डेपोत येऊन स्वतःच्या हाताने अहवाल दिला. चौकशी झाली. चौकशीत प्रश्न एकच होता, दोष कोणाचा? अण्णा म्हणाले, माझा. त्यांची एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. त्या वर्षी मला मिळावयाची सायकल मिळाली नाही. इतर चालकांची मुले मला म्हणत, तुझे वडील भोळे आहेत. मीही मनातल्या मनात तेच म्हणत असे. 'भोळे' याहूनही कठोर शब्द माझ्या मनात होता. तो मी कधी उच्चारला नाही, परंतु कधी मागेही घेतला नाही. पुढे अण्णांनी शेजारी बसून मला गाडी शिकविली, तो एक नियम सांगितला, तेव्हाही तो कुठल्या घटनेतून आला आहे हे मला ठाऊक होते, आणि आपल्याला ठाऊक आहे असे मी त्यांना सांगितले नाही.

विचार आधी केला की माणूस उतरत नाही. पाच विचार तर करून झाले होते. सहावा येण्याआधी मी गाडी थांबविली आणि खाली उतरलो.

निळ्या गाडीचा आरसा लोंबकळत होता आणि दारावर वीतभर लांब ओरखडा. मी समोरच्या घराचे दार वाजविले. पन्नाशीची एक क्रिओल बाई बाहेर आली; हाताला डाळीचे पीठ लागलेले. मी इंग्रजीत क्षमा मागू लागलो. तिला इंग्रजी फारसे येत नसावे. माझा चेहरा पाहूनच तिने परिस्थिती ओळखली आणि हात हलवीत ती म्हणाली, "पेना प्रॉब्लेम, पेना प्रॉब्लेम!"

मला वाटले, लिहून घेण्यासाठी ती पेन मागत आहे. मी लगबगीने खिशातले पेन काढून तिच्यापुढे धरले. तिने ते गोंधळून हातात घेतले. तेवढ्यात आतून तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा आला आणि हसू लागला. क्रिओलमध्ये 'पेना' म्हणजे 'नाही'. बाई सांगत होती की काही हरकत नाही, आणि हे मुख्याध्यापक महाशय तिला पेन देत होते! मग तीही हसली, सौ.ही हसली. माझ्या छातीवरचा अर्धा दगड त्या हसण्याने उतरला.

तरीही फॉर्म भरणे आवश्यक होते. गाडीच्या खणातून तो आणला आणि त्यांच्या ओट्यावर, दिव्याखाली, आम्ही दोघे तो भरावयास बसलो. दिनांक, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, विम्याचा तपशील. कोणती गाडी उभी होती, कोणती चालत होती? एका चौकोनात रस्त्याचा नकाशा काढावयाचा, गाड्यांच्या जागा आणि दिशा दाखवावयाच्या. मी भिंत काढली, गटार काढले, मालवाहू गाडी काढली, बाण काढले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की त्या कागदावर कुठेही 'दोष कोणाचा' असा मोठा प्रश्न विचारलेला नाही. काय घडले, एवढेच विचारले आहे. माणसाने जे घडले ते नीट लिहावे. दोष आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो. एकतीस वर्षांत मी मुलांना किती वेळा उभे करून विचारले असेल, "चूक कोणाची?" आणि किती मुले त्या प्रश्नापायी खोटे बोलली असतील! त्याऐवजी मी "काय झाले ते सांग" असे म्हटले असते तर?

सह्या झाल्या. बाईने एक प्रत आपल्याकडे ठेवली, एक मला दिली. तेवढ्यात सौ. बाईबरोबर सरळ स्वयंपाकघरात जाऊन पोहोचली होती. सकाळी विकावयाच्या वड्यांची तयारी चालली होती. तिकडे त्यांना 'गातो पिमां' म्हणतात. हरभऱ्याची डाळ, मिरची, कांद्याची पात आणि कोथिंबीर. "अहो, हे तर आपले डाळवडे!" सौ. आतून ओरडली. दोघींमध्ये एकही सामाईक भाषा नव्हती, परंतु डाळ किती वेळ भिजवावी आणि किती जाडसर वाटावी याविषयी त्यांचे हातवाऱ्यांनी संपूर्ण एकमत झाले. निघताना बाईने कागदात बांधून आठ वडे दिले. ज्याने आपल्या गाडीचा आरसा मोडला, त्याला वडे बांधून द्यावेत, हे मी कोणत्याही नीतिपाठाच्या पुस्तकात वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी देणाऱ्यांकडे जाऊन मी फॉर्म दिला. त्या तरुणाने गाडीभोवती पुन्हा एक प्रदक्षिणा घातली, काही आकडेमोड केली आणि बारा हजार मॉरिशस रुपये कापून घेतले. आपल्या हिशेबाने वीस हजारांच्या वर. त्यात त्याचे काही चुकले नाही; मी सही केलेल्या करारातच ते होते. आम्ही पूर्वेकडच्या बेटावर होडीने जावयाचे ठरविले होते, तो बेत रद्द केला. त्या दिवशी समुद्रकाठी सुरूच्या झाडांखाली बसून आम्ही उरलेले डाळवडे खाल्ले. सौ. म्हणाली, "अण्णांची वेतनवाढ गेली होती ना एकदा?" लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. तिला ती अण्णांनीच सांगितली होती. "आणखी काय म्हणाले होते?" मी विचारले. ती म्हणाली, "म्हणाले, पोराला त्या वर्षी सायकल देता आली नाही. तो काही बोलला नाही, पण रागावला होता."

म्हणजे त्यांना ठाऊक होते. माझ्या मनातला तो न उच्चारलेला शब्द त्यांनी ऐकलेला होता. आणि तरीही, काठी टेकीत येऊन ते माझ्या शेजारी बसले होते.

त्या रात्री मला देवळातल्या आजी आठवल्या. त्यांच्या आईने त्यांना आरती दिली, अर्थ दिला नाही. तरी त्यांनी एक अक्षर सांडू दिले नाही. मला अण्णांनी एक वाक्य दिले होते, तेही मी अर्थावाचूनच जपून ठेवले होते. अर्थ समजावयास मला पाच हजार किलोमीटरांवरची एक अंधारी गल्ली लागली. काही गोष्टी आधी पाठ होतात आणि मागाहून कळतात. तेव्हा नातवंडांना आरती पाठ करवून घेताना, त्यांना अर्थ कळत नाही म्हणून फार हळहळू नये. अर्थाची वेळ येईल तेव्हा तो येईल. तोवर शब्द जागेवर असले पाहिजेत, एवढेच.

जून महिन्यात शाळा उघडली. दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेची एक काच फुटली आणि शिपायाने नववीतल्या दोन मुलांना माझ्यासमोर आणून उभे केले. माझ्या जिभेवर जुना प्रश्न आला होता. तो मी गिळला. दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला आणि म्हटले, "काय घडले ते लिहा. नकाशा काढा. कोण कुठे उभा होता ते दाखवा." दोघांनी लिहिले. कागद जुळले. काच कोणाकडून फुटली हे मला विचारावे लागले नाही.

त्या फॉर्मची माझ्याजवळची प्रत मी घरी आल्यावर अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्या पेटीत त्यांचा पितळी बिल्ला आहे, आणि वेतनवाढ रोखल्याचा तो जुना, पिवळा पडलेला हुकूमही आहे. ते त्यांनी जन्मभर सांभाळून ठेवले होते. आता दोन्ही कागद एकमेकांवर आहेत. पेटी बंद करण्याआधी मी तो शब्द, मनातल्या मनात का होईना, मागे घेतला. फार उशीर झाला होता, हे खरे. परंतु गाडी थोडी पुढे गेल्यावर का होईना, माणसाने खाली उतरावे.